गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

‘काम चालू आहे. रस्ता बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ पत्र्याच्या पाटीवरची ही तीन वाक्ये मुंबईकराच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती आता कोणी वाचतही नाही. पाटी दिसली की स्कूटर वळते, रिक्षा वळते, बसचा ड्रायव्हर कपाळाला हात लावतो आणि सगळे जण शेजारच्या गल्लीत घुसतात. मी मात्र या पाटीवर फार दिवस विचार करीत आले आहे. एखादा माणूस आपल्याजवळ दिलगिरी व्यक्त करतो, तेव्हा तो निदान एवढे तरी सांगतो की, अमुक दिवसापर्यंत सांभाळून घ्या. या पाटीवर तो दिवस लिहिलेला नसतो. दिलगीर कोण आहे तेही नसते. आणि ‘गैरसोय’ हा शब्द तर फारच सौम्य आहे. पंगतीत ताट उशिरा आले तर गैरसोय होते. रोजची भाकरी रस्त्यावर मिळवणाऱ्याचा रस्ताच बंद झाला, तर त्याला काय म्हणावे?

हा विषय मला सुचला तो अंधेरीत राहत असल्यामुळे. आपल्यातले बरेच जण उपनगरांतूनच येतात, त्यामुळे तिथला भूगोल थोडक्यात सांगितला तरी पुरे. रेल्वेच्या रुळांनी अंधेरीचे दोन तुकडे केले आहेत. पूर्वेला आमच्यासारख्यांच्या वस्त्या, कारखाने, कचेऱ्या. पश्चिमेला बाजार, मोठाल्या सोसायट्या आणि त्यापुढे जुहू, वर्सोवा. माणसांना रूळ ओलांडायला स्टेशनचे पादचारी पूल आहेत. वाहनांना मात्र मोजून दोन वाटा. स्टेशनच्या उत्तरेला भुयारी मार्ग, ज्याला सगळे ‘सबवे’ म्हणतात, आणि दक्षिणेला गोपाळ कृष्ण गोखले पूल. यांतला सबवे पावसाळ्यात भरवशाचा नाही. चार सरी जोरात आल्या की तिथे पाणी तुंबते आणि पोलिसांना तो बंद करावा लागतो. म्हणजे वर्षाचे चार महिने खरा आधार एका पुलाचा.

हा पूल १९७५ साली बांधलेला. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी भर पावसात त्याचा पादचाऱ्यांचा भाग खाली रुळांवर कोसळला. माणसे ढिगाऱ्याखाली सापडली, जीवितहानी झाली, पश्चिम रेल्वेची वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. पुढे पूल धोकादायक ठरला आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून तो वाहनांना पूर्ण बंद करण्यात आला. त्या वेळी मी अकरावीत होते. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हा आमची बारावीची परीक्षा चालू होती. पूर्ण पूल उघडला तो मे २०२५ मध्ये. तोवर माझे प्रथम वर्ष बी. ए. सरत आले होते. एका पुलाच्या कामात एका विद्यार्थिनीचे कनिष्ठ महाविद्यालय संपूर्ण आणि वरिष्ठ महाविद्यालयाचे एक वर्ष बसते, हा हिशेब मी उगीच मांडत नाही. अडीच वर्षे म्हणजे नेमके किती, ते असे मोजल्याशिवाय कळत नाही.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पूल बंद करायला नको होता, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्या पुलाचा एक भाग माणसांसकट खाली आला, तो चालू ठेवणे हा गुन्हाच ठरला असता. जुने पूल कधीतरी पाडावेच लागणार. शीवचा ब्रिटिश काळातला पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये. रस्त्यांचे काँक्रीट करणे, जलवाहिन्या बदलणे, मेट्रोचे खांब उभे करणे हेही शहराला हवेच आहे. काँक्रीटवर घाईने गाडी घालून चालत नाही. त्याची ताकद अठ्ठावीस दिवसांनी तपासतात, हेही कोणी समजावून सांगितले तर आम्हांला समजते. माझा प्रश्न काम करावे की करू नये, हा नाहीच. काम चालू असताना त्याची किंमत कोण भरते आणि ती कोठे लिहिली जाते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पूल बंद झाल्यावर वाहतूक पोलिसांनी पर्यायी मार्ग जाहीर केले. दक्षिणेला विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल आणि त्यापुढे मिलनचा पूल, उत्तरेला अंधेरीचा सबवे आणि जोगेश्वरीचा पूल. कागदावर ही यादी भरगच्च दिसते. प्रत्यक्षात जो लोंढा एका पुलावरून जात होता तो या वाटांवर येऊन पडला आणि त्या वाटा तर आधीच आपापल्या लोंढ्याने भरलेल्या होत्या. स्वामी विवेकानंद मार्गावर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकू लागल्या. मोठ्या रस्त्यावर जागा नाही म्हणून वाहने गल्ल्यांत शिरली. ज्या गल्लीत मुले क्रिकेट खेळत, तिथे सकाळी आठपासून हॉर्न. त्यातच आमच्या वस्तीच्या तोंडाशी कोणीतरी चर खणून ठेवला. तो बुजवला, पंधरवड्याने पुन्हा खणला. पहिल्यांदा कशासाठी आणि दुसऱ्यांदा कशासाठी, ते शेवटपर्यंत कोणालाच कळले नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

आमचे वडील रिक्षा चालवतात. रिक्षा स्वतःची नाही, शेठची आहे. रोज शिफ्टचे ठरलेले पैसे शेठला द्यायचे, गॅस आपला भरायचा आणि उरेल ते घरी आणायचे. पुष्कळांना वाटते की, रिक्षा कोंडीत अडकली तरी चालकाचे काही बिघडत नाही, मीटर तर पडतच असतो. मीटर थांबलेल्या वेळेचे थोडे पैसे मोजतो हे खरे. परंतु सकाळ-संध्याकाळ वडील स्टेशनला शेअरच्या फेऱ्या मारतात. शेअरचे भाडे सीटमागे ठरलेले असते. फेरीला वीस मिनिटे लागोत की पन्नास, सीटचे पैसे तेवढेच.

हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. समजा दहा तासांची शिफ्ट आहे आणि जाऊन-येऊन एका फेरीला अर्धा तास लागतो. वीस फेऱ्या होतील. आता त्याच फेरीला पाऊण तास लागू द्या. फेऱ्या तेराच होतील. सात फेऱ्यांचे पैसे गेले. गेले कोठून? शेठच्या शिफ्टमधून नव्हे. ती ठरलेली आहे. गॅसमधूनही नव्हे, कोंडीत इंजिन चालूच राहते. ते गेले चालकाच्या हातात उरणाऱ्या शेवटच्या रकमेतून, म्हणजे घरच्या तेल-मिठातून. वीस फेऱ्यांतल्या पहिल्या दहा-बारा शेठच्या आणि गॅसच्या असतात, शेवटच्या सात-आठच आपल्या असतात. कोंडीने गिळल्या त्या नेमक्या याच. वडील हे एका वाक्यात सांगतात : “पूल बंद झाला, पण शेठची शिफ्ट कुठं बंद झाली?”

या वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे असे मला वाटते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात शिकवलेले घरी जाऊन ताडून पाहण्याची मला खोड लागली आहे. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘सामाजिक खर्च’ ही कल्पना शिकवली. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो, पण त्याच्या औषधाचा खर्च कारखान्याच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाही. म्हणून कारखान्याचा माल स्वस्त वाटतो. वस्तुतः तो स्वस्त नसतो, त्याच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच कोणीतरी भरलेला असतो. बंद रस्त्याचेही असेच आहे. पुलाच्या अंदाजपत्रकात पोलाद असते, सिमेंट असते, मजुरी असते. अडीच वर्षे फेरा घालणाऱ्यांचा वेळ त्यात शून्य रुपयांनी धरलेला असतो. आणि जी वस्तू फुकट मिळते, ती कोणी जपून वापरत नाही. आमचा वेळ फुकट म्हणून तो पाण्यासारखा वापरला जातो.

वेळ सगळ्यांचाच जातो, हे मान्य. मोटारीत बसलेल्या साहेबाचाही जातो. परंतु पगारदाराचा वेळ गेला तर त्याची चिडचिड होते, महिन्याचा पगार मात्र येतो. फेरीवर, नगावर, तासावर जगणाऱ्याचा वेळ गेला की त्याचे पैसेच जातात. माझी आई पश्चिमेला दोन घरी पोळ्या करायला जाते. पहिल्या घरी उशीर झाला की दुसऱ्या घरच्या बाई डब्याची वाट पाहत दारात उभ्या. ‘पूल बंद आहे’ हे कारण त्या पहिल्या आठवड्यात ऐकून घेतात, दुसऱ्या महिन्यात नाही. भाजीचा टेम्पो उशिरा आला की भाजीवाल्याचा सकाळचा धंदा बुडाला. रुग्णवाहिकेची गोष्ट तर याहून गंभीर. कूपर रुग्णालय रुळांच्या पश्चिमेला आहे आणि पूर्वेकडचे रोगी त्याच दोन वाटांनी तिकडे जातात. मेट्रो आहे ना, असे कोणी म्हणेल. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून अंधेरीवरून धावते आणि तिचा आम्हांला फार उपयोगही होतो. पण मेट्रोने माणसे पलीकडे जातात. रिक्षा, टेम्पो आणि रुग्णवाहिका जात नाहीत.

आता कामाच्या तारखांकडे पाहू. पूल बंद झाला तेव्हा त्यातल्या दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत सुरू होतील, असे सांगितले गेले होते. त्या सुरू झाल्या फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. मधल्या काळात तारखांवर तारखा पडत गेल्या. उशिराची कारणे खोटी नव्हती. रुळांवर काम करायचे म्हणजे रात्री गाड्या थांबवून थोड्या तासांत करावे लागते. पोलादाच्या प्रचंड तुळया अंबाल्याला तयार होऊन यायच्या होत्या. पोलाद मिळण्यात अडचण आली, पूर आले. हे सारे त्या त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले. पाटीवर मात्र कधीच आले नाही. ज्याला वर्तमानपत्र वाचायला सवड नाही त्याने कोणाला विचारायचे? स्टँडवर रोज नवी अफवा असे. दिवाळीला सुरू होणार, नाताळला होणार, मंत्र्यांची तारीख मिळाली की होणार!

आणि एक बाजू अखेर सुरू झाली तेव्हा नवेच दृश्य दिसले. पश्चिमेकडून जुहूच्या दिशेने येणारा बर्फीवाला पूल जुन्या गोखले पुलाला जोडलेला होता. नवा पूल उभा राहिला तो त्याच्यापेक्षा बराच उंच. रुळांवरून जाणाऱ्या पुलांची उंची वाढवण्याचा रेल्वेचा नियम पाळावा लागला, त्यामुळे दोन पुलांची टोके एकमेकांना भेटेनात. साऱ्या शहराने त्याची छायाचित्रे पाहिली आणि हसून घेतले. पुढे तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले गेले. उचलण्याचे ते काम अभियंत्यांचे कौशल्य दाखवणारेच होते, याबद्दल वाद नाही. पण रुळांवरचा भाग एकाचा, उताराचा भाग दुसऱ्याचा, शेजारचा पूल आधीच्या काळातला, आणि या सगळ्यांवरून जाणारा माणूस कोणाचाच नाही, अशी आपल्याकडची वाटणी आहे. शहर हसले, स्टँडवर कोणी हसले नाही. तिथे प्रत्येकाने मनात आणखी महिने मोजले.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप मी वर्गातच ऐकले आहेत. पहिला असा की, प्रगतीसाठी थोडे सोसलेच पाहिजे. अगदी बरोबर. परंतु सोसण्याची वाटणी न्यायाने व्हावी की नको? नव्या पुलावरून साहेबाची मोटारही जाणार आणि वडिलांची रिक्षाही जाणार. फायदा दोघांना मिळणार असेल, तर अडीच वर्षांचा तोटा मुख्यतः एकानेच का भरायचा? दुसरा आक्षेप असा की, कोंडी रिक्षावाल्यांमुळेच होते. ते वाटेल तिथे उभे राहतात, भाडे नाकारतात. यातही तथ्य आहे. स्टेशनबाहेर रिक्षांची दुहेरी-तिहेरी रांग मीही रोज ओलांडून जाते. तथापि ज्या स्टँडवर दहा रिक्षांची जागा आहे तिथे पूल बंद झाल्यावर पन्नास जमतात, तेव्हा उरलेल्या चाळीस हवेत उभ्या राहू शकत नाहीत. लांबचे भाडे नाकारणाऱ्याचे मी समर्थन करीत नाही. पण एकदा पलीकडे गेलो तर परत यायला तास मोडेल या भीतीने तो नाकारतो, हे समजून घेतले पाहिजे. शिस्त हवीच. मात्र शिस्तीला उभे राहायला जागाही हवी.

मग करावे काय? नुसती तक्रार करून थांबणे आपल्यासारख्या शिकणाऱ्यांना शोभत नाही, म्हणून तीन-चार गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट पाटीची. प्रत्येक पाटीवर काम सुरू झाल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा व फोन ठळक असावा. तारीख पुढे गेली तर जुनी तारीख पुसू नये; तिच्याखाली नवी तारीख आणि उशिराचे कारण एका ओळीत लिहावे. याला फार तर रंगाचा एक डबा लागेल. पण तारीख माहीत असली तर माणूस आपली सोय लावतो. वडिलांना अडीच वर्षे लागणार हे पहिल्या दिवशी कळले असते, तर त्यांनी पहिल्याच महिन्यात पूर्वेच्या पूर्वेलाच दुसरा स्टँड धरला असता. पुढच्या महिन्यात सुरू होईल, पुढच्या महिन्यात सुरू होईल, या आशेवर त्यांनी जे महिने घालवले, ते तरी वाचले असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. एक वाट बंद करण्याआधी दुसरी दुरुस्त करावी. पूल बंद होणार हे ठरले की पर्यायी वाटांवरचे चर आधी बुजवावेत, आणि पूल उघडेपर्यंत तिथे नवीन खोदकामाला परवानगी देऊ नये. स्वयंपाकघरातल्या कोणत्याही बाईला हे शिकवावे लागत नाही. एक शेगडी बिघडली असताना ती दुसरी दुरुस्तीला काढत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. लंडन शहरात २०१२ पासून अशी पद्धत आहे की, ठरावीक गर्दीच्या रस्त्यांवर वर्दळीच्या वेळी खोदकाम करणाऱ्याला रस्ता अडवल्याचे दिवसाकाठी भाडे द्यावे लागते. भाडे चुकवायचे असेल तर त्याने रात्री किंवा कमी वर्दळीच्या वेळी काम करावे. लंडन आणि अंधेरी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी त्यामागचे तत्त्व आपल्याला परके नाही. रिक्षा अडवून ठेवली तर तिचे भाडे पडते, मग रस्ता अडवून ठेवला तर त्याचे का पडू नये? ते भाडे जमा झाले तर त्यातून तात्पुरते स्टँड, जादा बस आणि वाहतूक सांभाळणारी जादा माणसे यांचा खर्च निघेल. मुख्य म्हणजे लोकांचा वेळ प्रथमच कोणाच्या तरी हिशेबात येईल.

चौथी गोष्ट आपल्याच हातातली आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी आपण शिबिराला जातो, श्रमदान करतो, झाडे लावतो. या वर्षी त्याबरोबर एक काम करून पाहावे. जवळपास जिथे रस्ता किंवा पूल बंद आहे, तिथे चार ठिकाणी चार-चार विद्यार्थी सकाळ-संध्याकाळ उभे राहतील. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसला किती वेळ लागला, रिक्षाला किती, रुग्णवाहिकेला किती, याची आठवडाभर नोंद करतील. स्टँडवरच्या चालकांना फेऱ्या विचारतील, भाजीवाल्यांना धंदा विचारतील. अर्थशास्त्र विभागाने तक्ते करावेत, मराठी विभागाने ते साध्या मराठीत लिहावेत, आणि प्राचार्यांच्या सहीने ते संबंधित कचेरीकडे जावेत. आम्हांला फार त्रास होतो, असे सांगितले तर दिलगिरीची आणखी एक पाटी मिळेल. अमुक आठवड्यात अमुक माणसांचे इतके तास गेले, असे लिहून दिले तर निदान उत्तर तरी द्यावे लागेल.

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आपल्याला आहे. उशीर झाला की आपण वर्गाच्या दाराशी उभे राहून कारण सांगतो, आणि ‘पूल बंद होता’ हे कारण सर एकदा ऐकतात, दोनदा ऐकतात, मग हजेरीपटावर फुली पडते. ती फुली आपण निमूटपणे सोसतो, कारण नियम तो नियम. मग जे काम आपल्या ठरलेल्या तारखेला हजर राहत नाही, त्याच्या नावापुढेही कोणीतरी फुली मारली पाहिजे. तो हजेरीपट आज कोणाकडेच नाही. तो आपण ठेवू या.